लवूच्या पानावर

नवऱ्याचं नाव घेताना लाजणाऱ्या बायका वेगळ्या. मी घेते. दत्ताराम घाडी. विक्रोळीच्या एका कारखान्यात फर्स्ट-एडच्या खोलीत ड्रेसर. त्याआधी मिलिटरीत होते, म्हणून पार्कसाईटच्या आमच्या चाळीत त्यांना घाडी कुणी म्हणतच नाही. "मिलिटरी, पोराचं डोकं फुटलंय, बघा ना जरा," अशी हाक आली की हे निघालेच, हातातला घास ताटात टाकून. मिलिटरी म्हटलं की लोकांना वाटतं ह्यांनी बंदुका चालवल्या असतील. कसल्या बंदुका घेऊन बसलात! ह्यांच्या हातात कात्री आणि बँडेज. जखमी झालेले जवान यायचे, त्यांच्या पट्ट्या करायच्या, सलाइनची बाटली धरायची, स्ट्रेचर उचलायचं. लढाईतही हेच, कारखान्यातही हेच.

माणूस साधा. दारू नाही, पत्ते नाहीत, रविवारी मासे आणले तर मला विचारून आणणार. पण एक खोड अशी की मला वेड लागायची पाळी यायची. आमची चाळ टेकडीवर, नळ खाली. हंडा-कळशी घेऊन मी पहाटे चढ चढायची, मान मोडायची माझी, आणि हे तेच पाणी दाराबाहेर माठात भरून ठेवायचे. पोस्टमन पिऊन जायचा, भंगारवाला पिऊन जायचा, टेकडीवर वाट चुकलेला कोणीही येऊन पिऊन जायचा. मी ओरडायची, "जळ्ळी मेली तुमची पाणपोई! तुम्ही वाहून आणा ना एकदा!" तर हे खरंच कळशी उचलून खाली जायचे. पुढे मला कारण कळलं आणि मग मी ओरडायचं बंद केलं.

ते कारण म्हणजे शेवंतीकाकी आणि तिचा लवू.

शेवंतीकाकी आमच्या गावची, ह्यांच्या भावकीतली. चाळीतली शेवटची खोली तिची. नवरा गिरणीत होता, छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मग ती कारखान्यातल्या एकट्या पोरांची खानावळ चालवायची. कडक बाई. भात कमी पडला म्हणून कुणी कुरकुरलं तर, "तुझ्या बायलीक आण आनी जेव," असं तोंडावर सांगायची. ह्या एका बाईच्या जिवावर लवू वाढला, एकुलता एक. गावी सुट्टीला आलेल्या ह्यांच्या अंगावरचा युनिफॉर्म बघून तोही भरती झाला. तो पलटणीत, लढणाऱ्यांत. आणि एकाहत्तरच्या लढाईत गेला.

आमच्याकडे कोकणात म्हाळ घालतात. पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढायचं आणि त्या पानावर आपल्यातला एक पुरुष बसवायचा. तेवढ्या वेळापुरता तोच गेलेला माणूस. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर जेवू घालायचं. इकडे तो जेवला की तिकडे तो जेवला. हत्याराने गेलेल्यांचा म्हाळ अमावास्येच्या आदल्या दिवशी असतो. त्या दिवशी काकीच्या खोलीत लवूचं पान, आणि लवूच्या पानावर दर वर्षी आमचे हे.

हेच का, असं कुणी विचारलं तर काकी अभिमानाने सांगायची, "जाताना माझ्या झिलाच्या तोंडात पाणी घातल्यान तो हो दत्ता. माझ्या हातान जां जावक नाय, तां ह्येच्या हातान गेला." आणि डोळे पुसायची. ऐकणाऱ्या बायकाही पदर डोळ्यांना लावायच्या.

ह्यांनी पाणी घातलं नव्हतं.

मला हे लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. म्हाळाचं जेवून हे घरी आले आणि थेट मोरीत गेले. भडाभडा ओकले. मला वाटलं काकीचे वडे बाधले. लिंबू पिळून नेलं तर हे मोरीच्या कठड्यावर बसून रडत होते, आवाज न करता. मी म्हटलं, आज काय ते सांगा, नाहीतर मी माहेरी जाते. जाणार कुठे होते मी! पण त्यांना खरं वाटलं आणि त्यांनी सांगितलं.

सीमेजवळच्या एका गावात रिकामी शाळा होती, तिथे ह्यांचं काम. डॉक्टर म्हणजे एक कॅप्टन, वयाने ह्यांच्याहून लहान. एकच डॉक्टर, एकच गाडी आणि जखमी येतायत, येतायत, येतायत. तो कॅप्टन दारात उभा राहायचा आणि प्रत्येकाला बघून सांगायचा कुठे ठेवायचं ते. गाडीतून लगेच पुढे पाठवले तर वाचतील, ते पहिल्या वर्गात. थोडं थांबू शकतील, ते दुसऱ्या वर्गात. आणि ज्यांच्यामागे हात गुंतवले तर बाकीचे दोघं-तिघं जातील, ते बाहेर व्हरांड्यात. व्हरांड्यात ठेवलेल्यांजवळ थांबायचं नाही, असा हुकूम. थांबलास तर आतला मरतो.

लवूला आणला तेव्हा त्याच्या पोटात लागलं होतं. कॅप्टनने पांघरूण उचलून बघितलं आणि म्हणाला, व्हरांडा. हे म्हणाले, "साहेब, माझ्या गावचा आहे." कॅप्टन म्हणाला, "सगळेच कुणाच्या तरी गावचे आहेत, घाडी." आणि पुढच्याकडे वळला.

लवू शुद्धीवर होता. त्याने ह्यांना ओळखलं. "दादा, वायच पाणी दी," म्हणाला. पोटात लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नसतं, ऑपरेशन होईपर्यंत. ह्यांना पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेला नियम. हे म्हणाले, "थांब लवू, गाडी येतेय." आत गेले. आत एक सरदारजी हवालदार होता, त्याची बाटली धरायची होती. मधे बाहेर आले, लवू पुन्हा म्हणाला, पाणी. हे म्हणाले, थांब. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तो मागत राहिला, हे थांब म्हणत राहिले. सरदारजीला गाडीत चढवून हे धावत व्हरांड्यात आले तेव्हा लवू संपला होता. तोंड उघडं होतं.

मी तिथल्या तिथे भडकले. "अहो, त्या मेल्या कॅप्टनने त्याला टाकूनच दिला होता ना? मग कसलं ऑपरेशन आणि कसला नियम? घोटभर पाणी दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

हे म्हणाले, "मला वाटत होतं, होईल ऑपरेशन. गाडी परत येईल, साहेबांचं मन बदलेल, शेवटच्या फेरीत का होईना लवू जाईल. पाणी दिलं असतं तर मीच ठरवल्यासारखं झालं असतं, की हा मेला म्हणून."

मी कॅप्टनला शिव्या घातल्या. खूप घातल्या. ह्यांनी मला गप्प केलं. "साहेबांना बोलू नकोस. तो सरदारजी जगला. दुसऱ्या वर्गातलेही जगले. रांग बरोबर होती, रत्ना. पाणी चुकलं."

आणि मग हे सुट्टीवर आले तेव्हा शेवंतीकाकीने काय विचारलं असेल? माझा लेक कसा गेला, गोळी कुठे लागली, तू होतास तर वाचवला का नाहीस, ह्यातलं काहीच नाही. एवढंच विचारलं, "तोंडात पाणी कोणी घातल्यान?" आमच्यात तेवढंच विचारतात. माणूस तहानेला गेला तर तो तहानेलाच फिरतो, कायमचा. हे म्हणाले, "मी." काकीने दोन्ही हातांनी ह्यांच्यावरून बोटं मोडली. त्या वर्षापासून लवूच्या पानावर हे.

मी दारातून बघितलाय तो म्हाळ. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, अळू, खीर. काकी ह्यांच्या समोर मांडी घालून बसायची आणि त्या दिवशी ह्यांना दत्ता म्हणायची नाही. "लवू, आणखी एक वडो घे रे. लवू, खीर आवाडता मा तुका." आणि पहिल्या घासाआधी स्वतःच्या हाताने पेला ह्यांच्या तोंडाला लावायची. हे डोळे मिटून प्यायचे. काकीला वाटायचं, भक्ती आहे. तेवढं पाणी पोटात ठेवायचं आणि चाळीच्या ह्या टोकापर्यंत चालत यायचं, एवढंच ह्यांना जमायचं. पुढचं मोरीत.

दर वर्षी ते म्हणायचे, आता सांगतो तिला, सहन होत नाही. आणि मी दर वर्षी दरडावायची, "खबरदार! तुमचं ओझं तुमच्याच डोक्यावर राहू दे. तिच्या डोक्यावर ठेवलंत तर म्हातारी मरेल." तेही मान डोलवायचे. माझं आजही तेच मत आहे.

शहाऐंशी साली गणपती गेले आणि काकी सुजायला लागली. आधी पावलं, मग तोंड. खानावळ बंद झाली. घाटकोपरचे सामंत डॉक्टर आमचे नेहमीचे, त्यांनी तपासण्या करून घेतल्या आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात. रक्त धुणारं मशीन असतं, ते मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात. हे रजा टाकून गेले. तिथला डॉक्टर चांगला होता म्हणे, खुर्चीवर बसवून बोलला. मशीनं थोडी, माणसं फार. तरुण, ज्यांची पोरं लहान आहेत, ज्यांना पुढे किडनी बसवता येईल, त्यांना आधी. सत्तरीच्या बाईला नंबर लागणं कठीण आहे, खरं तर नाहीच.

हे घरी आले, चपला काढल्या, आणि म्हणाले, "रांग बरोबर आहे."

माझ्या हातात डाव होता, तो मी भिंतीवर फेकला. "कप्पाळ तुमचं! सगळ्या रांगा बरोबर, आणि आपली माणसं नेमकी व्हरांड्यात!" आमची पोरं घाबरून गॅलरीत पळाली. ह्यांनी डाव उचलला, धुतला, जागेवर ठेवला. मग मलाच वाईट वाटलं. ह्या माणसाला शिव्या देऊन काय मिळणार होतं? शिव्या द्यायला कुणी माणूसच नव्हता सापडत.

सामंत डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला. पाणी तोडायचं. दिवसाला दोन छोटे पेले, गोळ्या गिळायच्या त्याच्यातच. जास्त दिलंत तर फुप्फुसात भरेल, म्हणाले.

पाणी तोडायचं, आणि तोडणार कोण? तर हे! मिलिटरीतले, औषधपाण्याचे जाणकार. चाळीतल्या सगळ्यांनी एका आवाजात हेच ठरवलं. काकीही म्हणाली, "दत्ता सांगात तसा."

पण तहान काय शहाणपण ऐकते? दोन दिवसांत काकीचं रूप पालटलं. जी बाई कधी कुणापुढे वाकली नाही ती पाण्यासाठी हात जोडायला लागली. ह्यांना शिव्या द्यायची, मग लाडीगोडी, मग पुन्हा शिव्या. "मेल्या, तुझा तोंड बघूचा नाय माका. दत्ता, सोन्या, एक घोट." अंग पुसायला ओला कपडा ठेवला तर तो चोखायची. ह्यांनी तांब्या माळ्यावर ठेवला. कारखान्यातून सुटले की कपडेही न बदलता तिच्या उशाशी जाऊन बसायचे, मोजून घोट द्यायचे आणि मग नाही म्हणायचे.

एकदा मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "अहो, द्या ना एक पेला. सत्तर वर्षांची बाई. कशाला तिचे हाल?"

"वाचेल ती, रत्ना," हे म्हणाले. "सूज उतरली तर काढेल वर्षभर. उतरेल सूज. आता पाणी दिलं तर सगळं फुकट."

मोरीच्या कठड्यावर बसून ह्यांनी जे सांगितलं होतं तेच मी पुन्हा ऐकत होते. ह्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही.

सूज काही उतरली नाही. म्हाळाला चार दिवस होते, दुपारची वेळ. ह्यांची सुट्टी होती. मी काकीच्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते. काकीचा दिवसाचा पेला संपला होता आणि तिने पुन्हा हट्ट धरला. हे नाही म्हणत होते. तेव्हा काकी उठून बसली, ह्यांचा हात धरला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "दत्ता, लवूक दिलंस मा रे पाणी? तसाच माका दी. तेका दिलंस, आनी तेच्या आवशीक नाय दिवचस?"

ह्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं. सूप खाली टाकून मी ओरडले, "अहो! नाही हां!"

पण ह्यांच्या तोंडातून निघून गेलं होतं. "नाय दिलंय, काकी. लवूक मी पाणी नाय दिलंय."

मग सगळंच सांगितलं. शाळा, कॅप्टन, दोन वर्ग, व्हरांडा. तो सरदारजी. गाडी. मालवणीत, भराभरा, खाली मान घालून. मी दारात उभी. थांबवणार कशी? काकी ऐकत होती. व्हरांड्याचं आलं तेव्हा तिने हात झटकला. "तां ऱ्हवांदे. नळार रांग आसताच. कोणी तरी मागे ऱ्हवताच." म्हणजे जे मला इतक्या वर्षांत पचलं नाही ते तिने एका क्षणात सोडून दिलं. पण पाणी सोडलं नाही.

"तेणां मागल्यान?"

"होय."

"लय येळा?"

"होय, काकी."

"आनी तू काय म्हटलंस?"

"थांब म्हटलंय."

काकीने ह्यांचा हात सोडला. आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझो लवू अजून तानेलोच आसा." एवढंच. भिंतीकडे तोंड करून निजली.

घरी आल्यावर मी ह्यांना काय नाही ते बोलले. स्वतःला मोकळं करायला म्हातारीच्या उरावर दगड ठेवलात म्हटलं. हे नंतर म्हणाले, "ती म्हणाली, लवूला दिलंस तसं दे. मी काय देऊ? लवूला दिलं तसं द्यायचं तर काहीच द्यायला नको."

त्या दुपारपासून काकीने पाणी मागितलं नाही. मागितलं नाहीच, पण हक्काचे दोन पेलेही घेईना. गोळ्या कोरड्याच घशात ढकलायची, नाहीतर थुंकायची. मी हातात पेला धरून विनवायची. "काकी, डॉक्टर सांगतात तेवढं तरी पी गं." ती मान हलवायची. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, आम्हाला तिच्या शिव्यांची सवय होती. ह्यांच्याशी बोलणं तेवढं तिने बंद केलं. हे येऊन बसायचे, ती भिंतीकडे बघायची.

म्हाळाच्या दिवशी तिच्या खोलीत स्वयंपाक मी केला. वडे तळले, खीर केली. हे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दारात येऊन उभे राहिले, दर वर्षीसारखे. एवढं सगळं झाल्यावरही आले. मला वाटतं, त्यांना आशा होती. काकीने मान वळवून बघितलं आणि चार दिवसांनी पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलली. "आज तू नको, दत्ता."

गॅलरीत शेजारणी उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. हे "बरं" म्हणाले आणि परत फिरले.

काकीने मला पान मांडायला सांगितलं. पानावर काही वाढू नको म्हणाली. फक्त पाण्याचा तांब्या भरून ठेव. मी कोपऱ्यात केळीचं पान मांडलं, त्याच्यापुढे तांब्या ठेवला. ती पडल्या पडल्या त्या तांब्याकडे बघत राहिली, संध्याकाळपर्यंत. मी घरी गेले तर धोतर घडी करून ठेवलेलं आणि हे दुसऱ्या पाळीला निघून गेलेले. जी शिक्षा चुकावी म्हणून हा माणूस इतकी वर्षं तळमळला, ती चुकली, तर जेवलासुद्धा नाही. ते वडे मी चाळीतल्या पोरांना वाटले.

घट बसले त्या दिवशी सामंत डॉक्टर पुन्हा आले. काकीला धाप लागली होती. छाती तपासली, पापणी वर करून बघितली. बाहेर येऊन म्हणाले, "आता पथ्य-बिथ्य काही नको. पाणी मागेल तेवढं द्या. जे मागेल ते द्या." मला वेडीला बरंच वाटलं. म्हटलं, सुटली बिचारी पाण्याच्या जाचातून. हे डॉक्टरांची बॅग घेऊन टेकडी उतरायला निघाले होते, ते पायरीवरच थांबले. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, काय झालं?

"व्हरांडा," हे म्हणाले.

आणि मग धावतच खोलीत गेले. तांब्या घेतला, वाटी घेतली, चमचा घेतला. काकीच्या उशाशी मांडी घालून बसले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठांची नुसती सालं निघाली होती. ह्यांनी चमचा ओठांशी नेला. "काकी, आता पाणी पी. हवं तेवढं पी. आता कोण नको म्हणूचो नाय."

काकीने ओठ घट्ट मिटले.

"काकी, मी चुकलंय. माझ्यार राग काढ, पाण्यार नको गे काढू." हे रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखे, बाहेर गॅलरीत ऐकू जाईल असे. लग्न झाल्यापासून मी ह्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "माझ्या हातान नको तर रत्नाच्या हातान घे. पण घे."

काकीने डोळे उघडले. ह्यांच्याकडे बघितलं, नीट, ओळखून. धाप लागलेली, एकेक शब्द वेगळा येत होता. "राग नाय रे, झिला."

"मग पी."

"आधी तेका दी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कुठे द्यायचं, कसं द्यायचं? काकी वाट बघत होती, ओठ मिटून. मग हे वाटी घेऊन उठले. म्हाळाला पान मांडलं होतं त्या कोपऱ्यात गेले. गुडघ्यावर बसले आणि कोबा केलेल्या त्या जमिनीवर चमच्याने पाणी सोडायला लागले. "घे लवू. घे रे. पी." एक चमचा पुरला असता. पण ह्यांना थांबताच येईना. एक चमचा, आणखी एक, आणखी एक. "आणखी घे. थांबू नको. पी." पाणी वाहत भिंतीपर्यंत गेलं.

काकी ते बघत होती. तिचे ओठ सुटले. माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं.

"अहो," मी म्हटलं, "इकडे या. लवकर या."

वाटी रिकामी झाली होती. हे धडपडत तांब्याकडे गेले, वाटी भरली, सांडत सांडत आले आणि काकीच्या तोंडाशी वाकले. तोंड उघडंच होतं. ह्यांनी चमचा भरला आणि तसाच धरून माझ्याकडे बघितलं. इतकी मरणं बघितलेला माणूस, त्यांना काय कळलं नसेल? तरी मला विचारलं.

"आता देऊ ना, रत्ना?"

"द्या," मी म्हटलं.